मिशरी, विमा आणि लघवीतलं कोटिनिन: रिपोर्टातला आकडा येतो कुठून?

रसायनी

नमस्कार मंडळी. गेली १४ वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रक्त-लघवीतली औषधं मोजण्याचं काम करते. त्यातली बरीच वर्षं निकोटिन आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणाऱ्या कोटिनिनसारख्या पदार्थांवर गेली. हा धागा काढायचं कारण घरचंच आहे.

माझ्या चुलत सासूबाई, आम्ही सगळे त्यांना काकी म्हणतो, कराडजवळच्या गावात राहतात. वय ५४. गेल्या महिन्यात त्यांचा विमा काढायचा होता. फॉर्म भरायला आलेल्या मुलाने विचारलं, "सिगारेट, बिडी, दारू?" काकी म्हणाल्या, "छे, आमच्यात कोण ओढतंय?" त्याने 'नाही' वर खूण केली. मग लघवीची तपासणी झाली आणि रिपोर्टवर एकच ओळ आली: कोटिनिन पॉझिटिव्ह. पाठोपाठ पत्र आलं, माहिती दडवल्यामुळे अर्ज नामंजूर. काकींना पैशाचं काही वाटलं नाही. "मी खोटं बोलले असं लिहिलंय गं त्यात," एवढंच त्या फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी विचारलं, "काकी, दात कशाने घासता?"

"मिशरीने. का गं?"

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, की झाली मिशरी. लग्न होऊन आल्यापासून त्या सकाळ-संध्याकाळ ती हिरडीला लावतात. त्यांच्या लेखी ते दंतमंजन आहे. फॉर्ममध्ये मिशरीचा प्रश्नच नव्हता. विचारलं असतं तर त्यांनी डबीच काढून दाखवली असती.

तपासणी चुकली नव्हती. निकोटिन अंगात गेलं होतं हे खरंच आहे. पण 'निकोटिन अंगात गेलं' यापलीकडे त्या ओळीत काहीही नव्हतं आणि पत्र लिहिणाऱ्याने त्यातून एका बाईचा खोटेपणा वाचला. म्हणून हा आकडा कसा निघतो ते नीट सांगावंसं वाटलं.

तंबाखूतलं निकोटिन रक्तात फार टिकत नाही. साधारण २ तासांत निम्मं होतं. सकाळी बिडी ओढलेल्या माणसाचं रक्त संध्याकाळी घेतलं तर हाती फारसं लागत नाही. यकृतात सीवायपी२ए६ नावाचं एन्झाइम आहे. ते ७० ते ८० टक्के निकोटिनचं कोटिनिन करतं आणि कोटिनिन निम्मं व्हायला १६ ते १८ तास लागतात. त्यामुळे रोज तंबाखू घेणाऱ्याच्या रक्तात त्याची पातळी दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहते. नियमित सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात ते मिलिलिटरला २५०-३०० नॅनोग्रॅमच्या आसपास असतं. पुढे त्याच कोटिनिनचं हायड्रॉक्सीकोटिनिन होतं आणि लघवीत सर्वांत जास्त हेच सापडतं.

आता मोजायचं कसं? स्वस्त रस्ता म्हणजे अँटिबॉडीवर चालणारी पट्टी. लघवीचे थेंब टाकले की ५ मिनिटांत रेघ दिसते किंवा दिसत नाही. बऱ्याच पट्ट्यांची मर्यादा २०० नॅनोग्रॅम असते. १९९ असलं तर निगेटिव्ह, २०१ असलं तर पॉझिटिव्ह. शिवाय ती अँटिबॉडी हायड्रॉक्सीकोटिनिनलाही थोडीफार चिकटते, म्हणून असल्या तपासणीचा आकडा खऱ्या कोटिनिनपेक्षा जास्त येऊ शकतो.

दुसरा रस्ता एलसी-एमएस-एमएस, म्हणजे नमुन्यातले पदार्थ आधी एका नळीतून (कॉलममधून) वेगळे करून मग त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. हे माझं रोजचं काम. त्याबद्दल कुणाला हवं असेल तर खाली लिहिते.

सातारकर

ताई, वाचून पोटात कालवलं. माझी आजीही मिशरी लावायची, आणि 'तंबाखू खाणाऱ्यांना' नावं ठेवायची. तिच्या मनात ते दोन वेगळेच पदार्थ होते.

एक शंका. वांग्यात निकोटिन असतं असं व्हॉट्सअॅपवर फिरतं. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा वांगं होतं. भरीत खाऊन कुणी पॉझिटिव्ह येईल का?

रसायनी

सातारकर, वांग्यात निकोटिन असतं हे खरं आहे. वांगी, टोमॅटो, बटाटा, तंबाखू ही सगळी एकाच कुळातली. पण किती ते बघा. वांग्यात ग्रॅमला सुमारे १०० नॅनोग्रॅम धरू. २०० ग्रॅमचं भरीत खाल्लं तर २०,००० नॅनोग्रॅम, म्हणजे २० मायक्रोग्रॅम झालं. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात साधारण १ मिलिग्रॅम निकोटिन जातं, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. तेवढ्यासाठी १० किलो वांगी एका बैठकीत खावी लागतील.

अजून एक ढोबळ सूत्र आहे. रोज किती मिलिग्रॅम निकोटिन जातं ते रक्तातल्या कोटिनिनला ०.०८ ने गुणून काढतात. उलट केलं (०.०२ मिलिग्रॅम भागिले ०.०८) तर रोजच्या भरताने रक्तातलं कोटिनिन पाव नॅनोग्रॅमच्या आसपास जाईल. लघवीत ते काही पट दिसतं असं धरलं तरी २०० च्या जवळपासही पोहोचत नाही. भरीत निर्धास्त खा.

व्यसनमुक्ती_नाशिक

मी एका तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन करते. आमच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आहे. बिडी-सिगारेटवाल्याने फुंकलं की आकडा चढतो आणि त्याला तो डोळ्यांनी दिसतो, याचा उपयोग फार होतो. पण आमच्याकडे येणारे बहुतेक जण मळून खाणारे, गुटखा खाणारे. त्यांच्यासाठी यंत्र कुचकामी, कारण जाळलंच नाही तर कार्बन मोनॉक्साइड येणार कुठून?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ६ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. आपलं दुखणं तोंडातलं आहे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी रोज समोर माणसं येतातच.

माझी अडचण अशी. सोडायला मदत म्हणून आम्ही निकोटिनचं च्युइंगम देतो. मग कोटिनिन पॉझिटिव्ह येणारच. माणूस खरंच सुटलाय की च्युइंगमच्या आडून पुडीही चालू आहे हे कसं ओळखायचं?

रसायनी

चांगला प्रश्न विचारलात, ताई. उत्तर तंबाखूच्या पानातच आहे. पानात निकोटिनखेरीज अॅनाबेसिन आणि अॅनाटाबिन हे निकोटिनच्याच जातीचे दोन पदार्थ (अल्कलॉइड) थोड्या प्रमाणात असतात. च्युइंगम किंवा पॅचमधलं निकोटिन शुद्ध करून घेतलेलं असल्यामुळे त्यात ते जवळपास नसतात. लघवीत कोटिनिन भरपूर आणि अॅनाबेसिन २ नॅनोग्रॅमच्या खाली, तर माणूस च्युइंगमवर आहे असं समजायला जागा आहे. दोन्ही वर असले तर तंबाखू चालू आहे.

याहून पक्की खूण म्हणजे एनएनएएल. तंबाखूतल्याच एका कर्करोगकारक नायट्रोसामिनपासून ते शरीरात तयार होतं आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. पण ते पिकोग्रॅममध्ये, म्हणजे नॅनोग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजावं लागतं आणि त्यासाठी यंत्र फार संवेदनशील लागतं. केंद्राच्या बजेटमध्ये हे बसणार नाही याची कल्पना आहे.

पेठेतली_लेक

मी सोलापूरची. आईने ३० वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. घरभर तो वास असायचा, आम्ही त्यातच अभ्यास केला. आईने एकही बिडी कधी ओढली नाही. हा धागा वाचून वाटलं, तिची तपासणी झाली असती तर काय आलं असतं?

रसायनी

ताई, तुमच्या आईच्या लघवीत कोटिनिन नक्की सापडलं असतं. किती, ते मी सांगू शकणार नाही. निकोटिन कातडीतून आत जातं आणि ओल्या हाताने जास्त जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर हा त्रास होतो, तो यामुळेच. त्यात घरातली जर्द्याची धूळ श्वासातून जाते, हात तोंडाला लागतो. हे सगळं कोटिनिनमध्ये उतरतं.

काकींच्या रिपोर्टवरून मी हेच म्हणत होते. ओढणारा पुरुष, मिशरी लावणारी बाई, विड्या वळणारी बाई, च्युइंगम चघळणारा पेशंट, चौघांच्या लघवीत रेणू एकच असतो.

पेठेतली_लेक

तिने कधी चक्कर येते म्हटलं की आम्ही म्हणायचो उन्हाने असेल. धन्यवाद ताई. बाकी काही लिहवत नाही आज.

जर्सीकर

इथे अमेरिकेत हा विषय थेट खिशाला लागतो. आमच्या कंपनीत दरवर्षी कोटिनिन तपासतात, पॉझिटिव्ह आलं की आरोग्यविम्याचा हप्ता वाढतो. मी व्हेप (ई-सिगारेट) सोडून आज १० दिवस झाले, तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. मला निव्वळ जाणून घ्यायचंय, शरीर किती दिवसांत कोरं होतं?

रसायनी

जर्सीकर, आधी अभिनंदन. पहिले १० दिवस सर्वांत अवघड असतात.

गणित सोपं आहे. समजा शेवटच्या दिवशी रक्तात ३०० होतं. दर १७ तासांनी निम्मं करत चला: १५०, ७५, ३७, १९, ९, ५, २. सात पायऱ्या, म्हणजे साधारण ५ दिवस. रक्तासाठी पूर्वी १४ नॅनोग्रॅमची मर्यादा वापरत, नंतर अमेरिकेतल्या लोकसंख्येसाठी ३ सुचवली गेली. १० दिवसांत तुम्ही दोन्हींच्या खाली असायला हवं. पण च्युइंगम किंवा पॅच चालू असेल तर आधीच लेखी कळवा.

मात्र 'सात पायऱ्या' सगळ्यांना सारख्या लागू नाहीत. सीवायपी२ए६ काहींमध्ये जन्मतः संथ असतं. त्यांच्यात निकोटिन आणि कोटिनिन दोन्ही जास्त वेळ टिकतात. हायड्रॉक्सीकोटिनिनला कोटिनिनने भागलं की कुणाचं यकृत किती वेगाने काम करतं याचा अंदाज येतो. उलट गरोदरपणात वेग इतका वाढतो की कोटिनिन ९ तासांतच निम्मं होतं.

बालरोग_कोल्हापूर

गरोदरपणाचा मुद्दा आलाच आहे म्हणून लिहितो. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशरी वगैरे धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती. माझ्या ओपीडीत मी आईला विचारतो, "तंबाखू?" ती नाही म्हणते. "मिशरी?" म्हटलं की मान खाली जाते किंवा सरळ हो म्हणते. प्रश्न कोणत्या शब्दात विचारला यावर उत्तर ठरतं.

रसायनी, तुम्ही सांगितलेला ९ तासांचा आकडा मला नवा होता. म्हणजे गरोदर बाईला नेहमीची मर्यादा लावली तर थोडी मिशरी लावणारी सहज निसटेल. बरोबर ना? आणि लहान मुलांत, घरात वडील ओढत असतील तर, कशात मोजणं चांगलं?

रसायनी

डॉक्टर, बरोबर. निगेटिव्ह आलं म्हणून गरोदर बाईच्या बाबतीत निश्चिंत होऊ नये.

मुलांसाठी लाळ सोयीची. सुई नाही, रडारड नाही, आणि लाळेतलं कोटिनिन रक्ताशी चांगलं जुळतं, किंचित जास्तच असतं. स्कॉटलंडमध्ये २००६ ला सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली. त्याआधी आणि नंतर लाळ तपासली तेव्हा न ओढणाऱ्या प्रौढांचं कोटिनिन ३९ टक्क्यांनी उतरलं होतं. कायद्याचा परिणाम थुंकीत दिसला!

पण दुसऱ्याच्या धुरातलं कोटिनिन एका नॅनोग्रॅमच्याही खाली असतं. तिथे पट्टी उपयोगाची नाही. अमेरिकेत १९८८ ते १९९१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ०.०५ नॅनोग्रॅमपर्यंत उतरणारी पद्धत वापरली, तेव्हा तंबाखू न घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांच्या रक्तात कोटिनिन सापडलं. साधन सूक्ष्म झालं तेव्हाच ते दिसलं.

केसांतही मोजतात. केस महिन्याला १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासूनचे ३ सेंटिमीटर म्हणजे गेल्या तीन महिन्यांची नोंद. पण निकोटिन केसाच्या काळ्या रंगद्रव्याला धरतं, त्यामुळे काळ्या आणि सोनेरी केसांची तुलना करताना फसगत होते. बाहेरचा धूरही केसाला चिकटतो, तो आधी धुवून काढावा लागतो.

पीएचडी_चालू

ताई, तुम्ही एलसी-एमएसवर लिहिते म्हणालात, त्याचीच वाट बघतोय. मी औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी. निकोटिन, कोटिनिन, हायड्रॉक्सीकोटिनिन, अॅनाबेसिन एकत्र मोजायची पद्धत बसवतोय. तीन अडचणी: १) निकोटिनचं शिखर (आलेखातला उंचवटा) सी१८ जातीच्या कॉलमवर शेपटी टाकत बाहेर येतं. २) निकोटिनची रिकव्हरी (घातलेल्यापैकी शेवटी हाती किती येतं) कधी ८० टक्के, कधी ३०. ३) कोऱ्या नमुन्यातही, जिथे ते नसायला हवं, निकोटिन दिसतं. तीन आठवडे झाले, गाईडही वैतागलेत.

रसायनी

अरे, तिन्ही दुखणी मी भोगलेली आहेत. सविस्तर लिहिते, इतरांनी हवं तर पुढे जावं.

पहिलं. निकोटिन आम्लारी आहे, पायरोलिडिनवाल्या नायट्रोजनचा पीकेए ८ च्या आसपास. फॉर्मिक आम्लाच्या मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) ते पूर्ण भारित होतं, कॉलमवर धरत नाही आणि शेपटी टाकतं. उच्च पीएच सहन करणारा सी१८ घे आणि अमोनियाने पीएच १० च्या जवळ ने. निकोटिनवरचा भार उतरला की शिखर सरळ उभं राहील. हिलिक कॉलमही चालतो. आणि अॅनाबेसिन निकोटिनचाच समघटक आहे, दोघांचं वस्तुमान एकच. मास स्पेक्ट्रोमीटरच्या पहिल्या गाळणीत दोन्ही १६३ वरच येणार. त्यांना कॉलमवरच वेगळं करायला हवं.

दुसरं. निकोटिन उडून जातं. अर्क नायट्रोजनच्या झोताखाली सुकवताना नमुन्यांच्या खाचांची प्लेट दोन मिनिटं जास्त राहिली की गेलं. कोटिनिन असं उडत नाही, म्हणून त्याची रिकव्हरी तुला ठीक दिसत असणार. सुकवायच्या आधी प्रत्येक खाचेत हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक. मीठ झालं की ते उडणार नाही. आणि अंतर्गत मानक (तुलनेसाठी मोजून घालायचा पदार्थ) ड्युटेरियमवालं, म्हणजे जड हायड्रोजन असलेलं घे, निकोटिन-डी४, कोटिनिन-डी३. ते अगदी सुरुवातीला नमुन्यातच घाल म्हणजे वाटेत जे हरवतं ते दोघांचं सारखंच हरवतं.

तिसरं सांगण्यासाठी एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे कोऱ्या प्लाझ्मात (रक्तद्रवात) निकोटिन दिसायला लागलं. रोज नाही, मधूनच. विलायक बदलले, नळ्या बदलल्या, कॉलम धुतला. शेवटी मी चार आठवड्यांचे क्रोमॅटोग्राम (यंत्राचे आलेख) टेबलावर पसरले आणि एक गोष्ट लक्षात आली: निकोटिनच्या जागी शिखर होतं, पण त्या प्रत्येक नमुन्यात कोटिनिनची जागा स्वच्छ सपाट होती. शरीरातून आलेलं निकोटिन एकटं येत नाही, कोटिनिन बरोबर असतंच. म्हणजे हे बाहेरून आलेलं.

मग कुठल्या दिवशी प्लेट कुणी भरली ते वहीत पाहिलं. आमचा एक सहकारी जेवणानंतर तंबाखू मळायचा. हात धुवायचा, हातमोजेही घालायचा. पण मोजे खोक्यातून काढायचे उघड्याच हाताने, आणि त्याच हाताने पिपेटच्या टोकांचा डबा उघडायचा. त्याला मी बाजूला घेऊन आलेख दाखवला. तो बराच वेळ त्या शिखराकडे बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, मोज्यातून एवढं येतं, तर तोंडातून किती जात असेल?" पुढच्या महिन्यात त्याने सोडली.

तू तुझ्या कोऱ्या नमुन्यात कोटिनिन आहे का ते आधी बघ.

इतिहासवेडा

ताई, सुकवताना उडणारं निकोटिन वाचून बेल्जियमचा जाँ स्टास आठवला. नोव्हेंबर १८५० मध्ये काउंट बोकार्मे याने मेहुण्याला, ग्युस्ताव्ह फूनीला, निकोटिन पाजून मारलं. मृत शरीरातून वनस्पतिजन्य विष वेगळं काढता येत नाही असाच तोवर समज होता. स्टासने आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये अवयवांचा अर्क काढला, मग त्यात अल्कली घातली आणि ईथरमध्ये निकोटिन ओढून घेतलं. बोकार्मेला १८५१ मध्ये गिलोटिनवर चढवलं. विषशास्त्रातल्या अर्कपद्धतीची ती सुरुवात मानतात.

रसायनी

इतिहासवेडा, मनापासून आभार. आम्ही आजही नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून निकोटिन विलायकात ओढतो. पाया स्टासचाच आहे.

पीएचडी_चालू

ताई, कोऱ्या नमुन्यात कोटिनिन नाही! फक्त निकोटिन. आमची नमुने तयार करायची खोली जिन्याला लागून आहे आणि जिन्यात शेजारच्या विभागातले लोक ओढायला येतात. आजपासून खिडकी बंद, नमुने आतल्या खोलीत. आम्लाच्या थेंबाने रिकव्हरी सलग तीन वेळा ७५ च्या वर आली. पीएच १० चा कॉलम मागवलाय.

व्यसनमुक्ती_नाशिक

काकींचं पुढे काय झालं, ताई?

रसायनी

मी काकींच्या नावे अर्ज लिहून दिला. मिशरी वापरते, फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, आता स्वतःहून कळवते आहे. हप्ता तंबाखूवाल्यांचा लावायचा तर लावा, पण 'माहिती दडवली' हे शब्द काढा. शब्द काढल्याचं पत्र अजून आलेलं नाही, फक्त फेरतपासणीला बोलावलं.

दरम्यान काकींनी मिशरी बंद केली. मी सांगितलं नव्हतं. पहिला आठवडा डोकं दुखलं, हिरडी शिवशिवली, आता कडुलिंबाची काडी चालू आहे. तीन आठवड्यांनी लघवी दिली. काल रिपोर्ट आला. यावेळीही एकच ओळ: कोटिनिन निगेटिव्ह. पद्धत कोणती, मर्यादा किती, आकडा किती, काही नाही.

आकडा लेखी मागितला आहे. आला की इथेच टाकते.